डिलाईल रोडची चिंगी

मांजराच्या भीतीचा विचार त्याच्या कानापासून सुरू करावा लागतो. माणसाला साधारणपणे २० हजार हर्ट्झपर्यंतचे, म्हणजे सेकंदाला तितकी कंपने असलेले ध्वनी ऐकू येतात; मांजराची मर्यादा सुमारे ६४ हजार हर्ट्झपर्यंत जाते, आणि त्याचे दोन्ही कान एकमेकांपासून स्वतंत्रपणे वळत असल्यामुळे फडताळामागे उंदीर नेमका कुठे खुडबुडतो आहे, हे त्याला अंधारातही कळते. इतक्या सूक्ष्म कामासाठी घडलेले हे इंद्रिय घेऊन जी मांजरे मुंबईच्या गिरणगावात जन्माला आली, त्यांपैकी चिंगी ही एक होती. एन. एम. जोशी मार्गावरील, म्हणजे जुन्या रहिवाशांच्या तोंडी आजही डिलाईल रोडच असलेल्या रस्त्यावरील, बीडीडी चाळीत तिचे सारे आयुष्य गेले.

मुंबई विकास विभागाने १९२०च्या दशकात बांधलेल्या या वसाहतीत ३२ इमारती होत्या. मधून लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या आणि प्रत्येक खोली साधारण १६० चौरस फुटांची, अशी त्यांची रचना असल्याने एका दारातला आवाज सगळ्या मजल्याचा होई. पांढऱ्या अंगावर काळे-पिवळे ठिपके असलेली चिंगी या गजबजाटात निर्धास्त झोपत असे. लोअर परळ स्थानकात शिरणाऱ्या लोकलचा खडखडाट, नळाला पाणी आल्यावर वाजणारे हंडे आणि दहा घरांतल्या कुकरच्या शिट्ट्या यांपैकी कशानेही तिची शेपूट हलत नसे. एखादा आवाज वारंवार, जवळपास सारख्याच रीतीने येतो आणि त्यातून काहीच वाईट घडत नाही, तेव्हा प्राण्याची त्याला दिलेली प्रतिक्रिया हळूहळू मावळते. प्राणिवर्तनाच्या शास्त्रात या क्रियेला अभ्यस्तता म्हणतात. ज्या घरात चिंगी वाढली, त्या घरातील आजींनी जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपापूर्वीचे गिरण्यांचे भोंगे ऐकले होते, आणि कानठळ्या बसवणाऱ्या त्या भोंग्याने कोणी दचकत नसे, कारण त्याची वेळ सर्वांना ठाऊक होती.

फटाक्याचे तसे नसते. तो केव्हा फुटेल, किती जवळ फुटेल आणि त्यानंतर आणखी किती फुटतील, याचा अंदाज मांजराला बांधता येत नाही, आणि अशा वेळी अभ्यस्ततेच्या नेमके उलट घडते: प्रत्येक धमाक्यागणिक भीती वाढत जाते आणि पुढे लहानशा आवाजालाही शरीर तितक्याच जोराने दचकते. या क्रियेला संवेदनवृद्धी म्हणतात. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही ध्वनीची कायदेशीर मर्यादा आहे. फटाक्याला मात्र चार मीटर अंतरावर १२५ डेसिबलपर्यंत मुभा आहे, आणि डेसिबलच्या मापात दर १० अंकांनी ध्वनीची तीव्रता दहापट होत असल्यामुळे या दोन आकड्यांमधील दरी डोळ्यांना दिसते त्याहून कितीतरी मोठी असते. चाळींमधल्या मोकळ्या जागेत सुतळी बॉम्ब फुटला की चिंगीचे कान मागे जाऊन डोक्याला चिकटत, बुबुळांतील काळा भाग डोळाभर पसरे, पोट जमिनीला घासत ती कॉटखाली शिरे आणि पिठाच्या डब्यामागे अशी काही बसे की मिशांचे टोकही दिसू नये. समोर ठेवलेला मासळीचा तुकडा रात्रभर तसाच पडून राही.

अशा वेळी मायेचा माणूस मांजराला ओढून बाहेर काढतो आणि कुशीत घट्ट धरतो. परंतु लपणे हाच मांजराचा बचाव असल्याने तो हिरावून घेतला, तर भीतीत कोंडमाऱ्याची भर पडते. नेदरलंड्समधील एका प्राणी-आश्रयगृहात झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नव्याने आलेल्या ज्या मांजरांना लपण्यासाठी खोके मिळाले, त्यांच्यावरील ताण इतरांच्या मानाने लवकर उतरल्याचे आढळले. चिंगीच्या घराला हा अभ्यास माहीत असण्याचे कारण नव्हते, तरी आजींनी तेच केले. माळ्यावरील भिंतीलगतची ट्रंक त्यांनी खाली उतरवून घेतली आणि त्या जागी पुठ्ठ्याचे खोके आडवे ठेवून त्यात आपले जुने सुती लुगडे अंथरले. ज्या खोलीत शिकणाऱ्या मुलाला स्वतःचा कोपरा नसतो, तिथे मांजराला कोपरा देणे ही साधी गोष्ट नव्हे, आणि ट्रंक पुढे कायम वाटेत राहिली तरी घरातील कोणी त्याबद्दल कुरकुर केली नाही. चिंगी माळ्यावर गेली की तिला हाक मारायची नाही, असाही दंडक त्यांनी नातवंडांना घालून दिला.

दुसरा उपाय नातवाने केला आणि तो सावकाशीचा होता. गणपतीच्या आगमनाचे ढोल-ताशे वाजू लागण्याच्या कितीतरी आधी, पावसाळ्याच्या तोंडाशी, तो मोबाइलवर ढोलाचा आवाज अगदी बारीक लावी आणि त्याच वेळी काटे काढलेल्या उकडलेल्या बांगड्याचे तुकडे तिच्यापुढे ठेवी; ती खायची थांबली की आवाज पुन्हा कमी करी. भीतीचे कारण अत्यल्प मात्रेपासून हळूहळू वाढवत नेणे आणि प्रत्येक पायरीवर त्याला सुखद अनुभवाची जोड देणे, अशी ही दुहेरी पद्धत आहे. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विदुषीने सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या बालकावर ती वापरली होती: तो जेवत असताना ससा थोडाथोडा जवळ आणला गेला आणि शेवटी पीटर त्याला कुरवाळू लागला. चिंगी ढोलाच्या आवाजात खाऊ लागली. सुतळी बॉम्बशी मात्र तिचे कधीच जमले नाही. म्हणून दिवाळीत खिडकी लावून त्यावर जाड चादर सोडली जाई, पंखा पूर्ण वेगात ठेवला जाई आणि घाबरलेले मांजर वाट फुटेल तिकडे पळते, हे जाणून दाराला कडी घातली जाई.

परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय १८८३ सालचे आणि गिरणगावाच्या भाषेत ते बैलघोडा हॉस्पिटल. चिंगीवर वेळोवेळी तिथेच उपचार झाले. ज्या मांजराची भीती घरगुती उपायांनी आवरत नाही, त्याच्यासाठी पशुवैद्याकडे औषधे असतात. माणसांच्या गोळ्या मात्र त्याला कधीही देऊ नयेत, कारण एरवी निरुपद्रवी वाटणारी पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर बेतते.

म्हातारपणी चिंगीच्या दिवाळ्या सुसह्य झाल्या, त्याला आणखी एक कारण घडले. आजींच्या सांगण्यावरून चाळीतील मुले फटाक्यांची माळ जिन्यापासून लांब, रस्त्याच्या बाजूला लावू लागली आणि मिरवणूक किती वाजता निघणार, ते तळमजल्यावरील फळ्यावर आदल्या दिवशी लिहू लागली, त्यामुळे घरच्यांना तिला वेळेत खाऊ घालून माळ्यावर पोहोचवता येई. मांजराला फळा वाचता येत नाही. त्याच्या वतीने तो वाचणारे माणूस घरात असले की पुरते. आवाज करणाऱ्याने वेळ आधी सांगावी आणि सांगितलेली पाळावी, एवढा शेजारधर्म सांभाळला, तर तान्हे मूल, अंथरुणाला खिळलेला रुग्ण आणि घरातले मांजर या तिघांचीही सोय एकदमच होते, आणि सणाचा आनंदही तसूभर उणा होत नाही.