किरकोळ तक्रारींची बारनिशी

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत, जिला येथील लहानथोर 'एमआयडीसी' याच नावाने ओळखतात, भट्टीविषयी तक्रार करणारा मनुष्य मला आजवर भेटलेला नाही. ठिकठिकाणचे भंगार पोटात घेऊन त्याचा सोळाशे अंशांच्या आसपास तापलेला रस करणाऱ्या त्या फर्नेस, त्या रसाच्या बिलेटांना रुळांमधून पिळून सळईचे रूप देणाऱ्या त्या रोलिंग मिल, विजेचा दर रात्री उतरत असे म्हणून अंधार पडल्यावरच जागे होण्याची सवय लागलेला तो गडगडाट, आणि पहाटे तुळशीच्या पानावरून बोट फिरविले असता बोटाला लागणारी ती काळपट भुकटी, हे सर्व इथला मनुष्य पाऊसपाण्यासारखे मुकाट्याने स्वीकारतो; परंतु हाच मनुष्य, टपरीवर शेजारी बसलेल्या परक्या इसमाने बशीत ओतलेल्या चहाचा जरा दीर्घ भुरका मारला की कपाळाला आठ्या घालतो, बाक सोडून उभा राहतो आणि पुढचा अर्धा तास भेटेल त्याला त्या भुरक्याचे साग्रसंगीत वर्णन ऐकवीत राहतो.

एका मिलच्या दफ्तरात हजेरी आणि पगारपत्रके यांची उस्तवार करण्यात माझ्या नोकरीचा बहुतेक काळ गेला, आणि ज्याच्या टेबलावर हजेरीबुक असते त्याच्यापुढे माणसे आपली गाऱ्हाणीही आणून टाकतात, असा माझा अनुभव आहे. अर्ज कोणी लिहून देत नसे. कैफियत तोंडीच होई. जेथे वैशाखात पत्र्याच्या शेडखाली उभे राहणे हीच एक शिक्षा आहे, तेथील गाऱ्हाणी उष्म्याची, पाण्याची, ठेकेदाराने धरलेल्या खाड्यांची असतील, अशी माझी प्रारंभी समजूत होती. तशी ती क्वचित येत. येत ती अशी, की अमक्याने माझ्या डब्यातले लोणचे न विचारता उचलले. तमका पाळी सोडवायला रोज उशिरा येतो आणि वर 'तुमचंच घड्याळ पुढं पळू लागलं' म्हणतो. खोलीतला बिहारकडचा सोबती पहाटे चारचा गजर लावतो, त्या गजराने सारी खोली उठते, तो तेवढा उठत नाही. मुकादम बोलता बोलता समोरच्याच्या सदऱ्याची गुंडी पिळतो. ही शेवटची तक्रार घेऊन आलेला गृहस्थ भोकरदनकडचा होता, भट्टीच्या तोंडाशी काम करणारा, हाताच्या पाठीवर ठिणग्यांचे डाग वागविणारा. त्या डागांविषयी तो चकार शब्द बोलला नाही, गुंडीविषयी बोलताना मात्र त्याचा कंठ दाटून आला.

भट्टीच्या ठायी हेतू नसतो, हे याचे एक कारण असावे. ठिणगी उडते ती कोणाला पोळविण्याच्या इराद्याने उडत नाही. गुंडी पिळणाऱ्याला मात्र ती न पिळण्याची पूर्ण मुभा असते, आणि ती मुभा असताही तो आपलीच गुंडी निवडतो, या जाणिवेने अंगाची लाही होते. संतापाला समोर हजर असलेला आरोपी लागतो. फरारी आरोपीवर मनुष्याला फार काळ रागावता येत नाही, आणि ज्याचे नाव-गावच ठाऊक नाही अशा आरोपीवर तर मुळीच नाही.

दुसऱ्याच्या बारीकसारीक खोडी टिपण्याच्या या शास्त्रावर आमच्या जिल्ह्याचा वारसाहक्क पोहोचतो, असे मी कधी कधी मित्रमंडळीत म्हणतो. जिल्हा म्हणून जालन्याचा जन्म १ मे १९८१ चा. पण त्याच्या घनसावंगी तालुक्यात जे जांब नावाचे गाव आहे, तेथे १६०८ साली समर्थ रामदास जन्मले, आणि दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिलाच समास त्यांनी मूर्खलक्षणांना वाहिला. ज्यांनी तो समास वाचलेला नाही त्यांना असे वाटते की, त्यात चोरी, विश्वासघात, परद्रव्यहरण अशा घोर पातकांची मोजदाद असेल. तशी काही आहेही. पण समास पुनःपुन्हा वाचताना मन रेंगाळते ते दुसऱ्याच ठिकाणी. दोघे बोलत बसले असता मध्येच जाऊन बसणारा आणि वर दोन्ही हातांनी डोके खाजविणारा तिसरा, पाण्यात चूळ टाकणारा आणि पायाने पाय घासणारा, सारे जागे असता त्यांच्यामध्ये आडवा होणारा, परक्याच्या घरी पोट फुटेस्तोवर जेवणारा, उगाच हसणारा, आपल्याच तोंडाने आपली स्तुती करणारा आणि ती संपली की वाडवडिलांची आरंभणारा, ऐकून घेण्याची इच्छा नसलेल्यास बळेच शिकविणारा. मोक्षमार्ग सांगण्यास बसलेला पुरुष, आणि त्याला डोके खाजविणाऱ्याची दखल घ्यावीशी वाटली! माझा एक तर्क आहे, आणि तो तर्कच समजावा. लग्नमंडपातून निघून गेलेला, स्वतःचे घर कधीच न थाटलेला, वर्षानुवर्षे देशभर हिंडून कोणाच्या ओसरीवर, कोणाच्या धर्मशाळेत, कोणाच्या पंक्तीला बसलेला मनुष्यच अशी यादी करू शकतो. घरातल्या माणसाच्या सवयी घरच्यांना दिसेनाशा झालेल्या असतात; पाहुण्याला त्या दिसतात, त्याला त्या सोसाव्या लागतात, आणि पाहुणा असल्यामुळे बोलण्याची चोरी असते. त्या न बोललेल्या शब्दांच्या पुढे ओव्या झाल्या असतील, तर त्यात नवल ते काय?

त्याच दशकाच्या शेवटी समर्थांनी पढतमूर्खाचा समास ठेवला आहे, आणि जो दोष स्वतःच्या अंगी आहे तोच दुसऱ्यावर ठेवतो पण हे ज्याला उमगत नाही, त्याला तेथे जागा दिली आहे. तक्रारखोरांनी पहिला समास पाठ करावा आणि दहाव्याच्या अलीकडे पोथी मिटावी, हे उत्तम.

वाचण्यावरून निघाले म्हणून सांगतो. अक्षरे गाळून वाचणारा अथवा पदरची घालून वाचणारा, हाही समर्थांच्या यादीत आहे, आणि तो अद्याप हयात असून औरंगाबाद रस्त्यालगतच्या आमच्या टपरीवर रोज सकाळी हजर असतो. (शहराचे नाव बदलले, रस्त्याचे जिभेवरून अजून उतरलेले नाही.) वर्तमानपत्र टपरीवाल्याचे, ते आधी ज्याच्या हाती पडले त्याची पाने वाचून होईपर्यंत इतरांनी धीर धरावा, हा येथील अलिखित कायदा. पण हे गृहस्थ येतात ते हात पुढे करूनच. "मधलं पान द्या ना भाऊ, तुमचं चालू द्या," एवढे म्हणून ते मधले पान ओढतात, तेव्हा उरलेली पाने आपल्या मांडीवर विस्कळीत होऊन पडतात. मग ते मोठ्याने वाचू लागतात, बातमीतला आकडा जेथे सात असेल तेथे सत्तर वाचतात, आणि कोणी हटकले तर छापणाराची चूक म्हणून मोकळे होतात. कापसाचा भाव, मोसंबीचा भाव, पैठणहून येणाऱ्या पाण्याचे वेळापत्रक, सगळ्यांवर त्यांचे भाष्य होते. पान परत येते तेव्हा त्यावर भज्याच्या तेलाचा डाग असतो. मी या गृहस्थांवर किती वर्षे रागावलो आहे! आणि तरीही, परगावी लेकीकडे गेलो असता, तेथील दिवाणखान्यात कोऱ्या घडीचे वर्तमानपत्र एकट्याच्या मालकीने वाचताना, बातमी जणू अर्धीच कळल्यासारखी वाटे.

थुंकण्याविषयी फार लिहीत नाही. तो विषय लिहिण्यापेक्षा पुसण्याचा आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, आणि तेव्हापासून त्याच्या पिचकाऱ्यांचा रंग फिका पडल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. १९५१ च्या पोलीस अधिनियमात सरकारी इमारतींपुरते एक ११६ वे कलम आहे, परंतु त्याचा अंमल तेथे लावलेल्या सूचनेचा भंग झाल्यावर होतो. म्हणजे आधी फलक हवा. फलक लागतो, आणि नेम धरण्यास त्याचाच उपयोग होतो.

शेअरिंगच्या रिक्षातील चौकशांविषयी मात्र माझे मत वयाबरोबर बदलत गेले आहे. गुडघ्याला गुडघा लावून बसलेला अनोळखी मनुष्य मामा चौकापासून एमआयडीसीपर्यंतच्या अंतरात आपल्याला गाव, जात, पगार, मुलांची संख्या, त्यांची लग्ने आणि जागा स्वतःची की भाड्याची हे सर्व विचारून मोकळा होतो, आणि आपण तुटक उत्तर दिले की 'कामून, राग आला काय?' हा प्रश्नही वर जोडतो. तरुणपणी मला ही उघड घुसखोरी वाटे. आता असे दिसते की, मंठा, परतूर, जाफराबाद या तालुक्यांतून, आणि त्याहून दूर उत्तरेकडून, माणसे या वसाहतीत येतात ती आपापली गावे मागे टाकून. गावात जे न विचारता ठाऊक असते ते येथे विचारून घ्यावे लागते, आणि कोणाचा कोण हे कळल्याशिवाय शेजारी निर्धास्त बसणे त्यांना जमत नाही. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालन्याहून मुंबईला वंदे भारत गाडी सुरू झाली, तिची दारे आपोआप मिटतात, खुर्च्या मऊ आहेत, पण मी बसलो तेव्हा बदनापूर मागे पडण्याच्या आतच शेजारच्या सद्गृहस्थांनी मला विचारले, "किती मिळते पेन्शन?"

आता आगाऊपणाकडे वळतो, कारण खोडी आणि आगाऊपणा यांत फरक आहे: खोड बेसावधपणे घडते, आगाऊपणा मात्र नेम धरून केलेला असतो. एका मिलच्या वजनकाट्यावर भंगाराचा ट्रक चढत होता, आणि बिल्टी तपासण्याच्या नादात मी काट्याच्या पत्र्यावरच उभा राहिलो होतो. ट्रकचा क्लीनर, ओठावर मिसरूडही धड न फुटलेला पोर, वरून ओरडला, "काका, उतरा खाली, नाहीतर भंगारात धरतील तुम्हाला!" काटेवाला हसला, हमाल हसले, दोन ट्रक मागे थांबलेला सरदारजीही कोणी अर्थ सांगितल्यावर हसला. मुकादमाने पोराला दरडावून माझी माफी मागावयास लावली, आणि ती माफी त्याने इतक्या अदबीने मागितली की ती मूळ वाक्याहूनही अधिक आगाऊ झाली. त्या दिवशी जेवण मला गोड लागले नाही. परंतु विचार करता करता असे लक्षात आले की, त्या पोराला माझ्याशी बरोबरीने बोलण्याचा अन्य कोणता मार्ग खुला होता? दफ्तरात आला असता तर तो दाराबाहेर उभा राहिला असता, 'साहेब' म्हणाला असता, आणि मी मान वर न करता कागदावर शेरा मारला असता. काट्यावर, ट्रकच्या उंचीवरून, एका विनोदापुरता तो माझ्याहून वर होता. शिवाय विनोद चांगला होता, हे कबूल न करणे म्हणजे वजनात मारल्यासारखे होईल.

येथे मला माझ्या टेबलाशी आलेल्या त्या सर्व गाऱ्हाण्यांची पुन्हा छाननी करावीशी वाटते. त्यांत लोणचे होते, गजर होता, गुंडी होती. पण वरच्या माणसाच्या सवयी त्यांत कोठेच नव्हत्या, आणि गुंडी पिळणारा मुकादम ही त्या बारनिशीतील सर्वांत वरची पायरी. मालकाच्या घराण्यातले विशीतले चिरंजीव साठीच्या पहारेकऱ्याला 'ए' म्हणून हाक मारतात, माणूस समोर बोलत असता मोबाईलवरून नजर काढीत नाहीत, बैठकीला तासभर उशिरा येऊन इतरांनाच घड्याळ दाखवितात; आणि मी हे एका मिलपुरते बोलत नाही, कोणत्याही गेटच्या आत डोकावून पाहावे. याला आगाऊपणा म्हणताना मी कोणाला ऐकले नाही. 'स्वभावच तसा आहे त्यांचा,' असे म्हणतात, आणि वर 'पण मनानं साफ' ही पुस्ती जोडतात. मनाने साफ असण्याची ही सवलत लोणचे उचलणाऱ्याला कोणी दिली नाही. तेव्हा भट्टीला हेतू नसतो हे माझे पूर्वीचे कारण खरे असले तरी अपुरे ठरते: मनुष्य रागावतो तो जेथे रागावणे परवडते तेथे. उष्मा, धूळ, खाडे, साहेबाची 'ए' अशी दिवसभराची जमा घेऊन तो सायंकाळी खोलीवर परततो, आणि ही सगळी रक्कम सोबत्याच्या गजरावर खर्ची टाकतो. सोबती बिचारा विचारात पडतो की, एका घंटेला एवढा कल्ला का.

यावर उपाय विचाराल तर माझ्यापाशी नाही. टपरीवाल्याने मात्र एक करून पाहिला. मोबाईलचा कर्णा मोठा करून चित्रफिती ऐकणाऱ्यांचा उपद्रव इतका वाढला की गिऱ्हाइकांत रोज बाचाबाची होऊ लागली. तेव्हा त्याने खडूने पाटीवर लिहिले, 'मोबाईलचा आवाज मोठा ठेवल्यास चहाचे पाच रुपये जास्त पडतील.' दोन दिवस शांतता राहिली. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रवाले गृहस्थ आले, त्यांनी पाटी मोठ्याने वाचली, पाचाचे पन्नास केले नाहीत हे विशेष. नंतर खिशातून पाचाचे नाणे काढून आधीच गल्ल्यावर ठेवले, आणि बाकावर ऐसपैस बसून मोबाईलचा आवाज शेवटापर्यंत चढविला. पैसे भरलेले असल्यामुळे आता कोणालाच त्यांना काही बोलताही येईना.