डीन्सगेटवरचा पापीरसाचा तुकडा

मँचेस्टरच्या डीन्सगेट रस्त्यावरील जॉन रायलंड्स ग्रंथालयात ‘पी 52’ हा पापीरसाचा तुकडा जपलेला आहे. नव्या कराराच्या ग्रीक हस्तलिखितांपैकी तो सामान्यतः सर्वांत जुना मानला जातो.

पिकॅडिली स्थानकापासून ग्रंथालय पायी वीसेक मिनिटांवर आहे. वाटेत सेंट पीटर्स चौक लागतो आणि 1877 मध्ये पूर्ण झालेला टाउन हॉल दिसतो. या शहराचे वैभव कापसावर उभे राहिले. जॉन रायलंड्स हे याच धंद्यातले धनिक. त्यांच्या स्मरणार्थ पत्नी एन्रिकेटा यांनी हे ग्रंथालय बांधले आणि 1900 मध्ये ते वाचकांना खुले झाले. लाल वालुकाश्माची ही गॉथिक इमारत पाहायला अनेक पर्यटक येतात.

तुकडा तळहातात मावेल एवढा, सुमारे 9 सेंटिमीटर उंच आणि 6 सेंटिमीटर रुंद. दोन्ही बाजूंना सात-सात ओळींचे अवशेष आहेत. मजकूर योहानकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला, रोमन सुभेदार पिलातापुढील येशूच्या चौकशीचा. एका बाजूचा प्रसंग दुसऱ्या बाजूला पुढे चालू राहतो. म्हणजे हा गुंडाळीचा नव्हे, पाने शिवलेल्या पुस्तकाचा भाग होता.

बर्नार्ड ग्रेनफेल यांनी 1920 मध्ये इजिप्तमध्ये तो इतर पापीरसांबरोबर विकत घेतला. कॉलिन रॉबर्ट्स यांनी मजकूर ओळखून 1935 मध्ये तो प्रसिद्ध केला. तुकड्यावर तारीख नाही. म्हणून तारखा असलेल्या कागदपत्रांच्या अक्षरवळणाशी तुलना करून रॉबर्ट्स यांनी त्याचा काळ दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध ठरवला. या निष्कर्षाला मोठे वजन आले. एकोणिसाव्या शतकात ट्यूबिंगेनच्या एफ. सी. बाउर यांनी या शुभवर्तमानाची रचनाच दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात ढकलली होती. त्या मताला तुकडा आडवा आला. पुढे लोकप्रिय पुस्तकांत ‘इ.स. 125’ हा सुटसुटीत आकडा रूढ झाला.

ब्रेंट नोंगब्री यांनी 2005 मध्ये त्यावर आक्षेप घेतला. एकच वळण अनेक दशके टिकते, आणि अशी अक्षरे दुसऱ्या शतकाच्या अखेरच्या व तिसऱ्याच्या आरंभीच्या कागदपत्रांतही सापडतात, हे त्यांनी दाखवले. तेव्हा केवळ या तुकड्याच्या आधारे शुभवर्तमानाचा रचनाकाळ ठरवता येत नाही. 2012 मध्ये पास्क्वाले ओर्सिनी आणि विली क्लारिस यांनी 125 ते 175 हा टप्पा सुचवला.

रचना आणि नक्कल यांचे काळ वेगळे असतात, हे इथे विसरून चालत नाही. पौलाची सर्वांत जुनी पत्रे इ.स. 50 च्या सुमाराची मानली जातात, मार्ककृत शुभवर्तमान 70 च्या आसपासचे, तर योहानाचे बहुतेक अभ्यासकांच्या मते पहिल्या शतकाच्या अखेरचे. यांपैकी एकाचीही मूळ प्रत उरलेली नाही. संपूर्ण नवा करार असलेली सर्वांत जुनी प्रत, कोडेक्स सिनायटिकस, थेट चौथ्या शतकातली आहे.

नोंगब्रींचा युक्तिवाद सबळ आहे. त्याने तुकड्याचे मोल मात्र घटत नाही. दीडशे म्हणा वा दोनशे, योहानाचे लेखन तोवर इजिप्तमध्ये पुस्तकरूपाने वाचले जात होते, एवढी साक्ष तो देतो. एका नेमक्या वर्षाचा भार त्याच्यावर टाकणे योग्य नाही.