सांता रोझाचे रंग

सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट ब्रिज ओलांडायचा आणि 101 नंबरच्या हायवेनं सरळ उत्तरेला निघायचं, की साधारण 55 मैलांवर सांता रोझा लागतं. आपली मंडळी भारतातून आलेल्या पाहुण्यांना घेऊन नापा-सोनोमाचे द्राक्षमळे पाहायला जातात आणि हे गाव बाजूलाच राहतं. बरोबर मुलं असली तर फार तर चार्ल्स शुल्झ यांचं 'स्नूपी'वालं म्युझियम होतं. मी मात्र गेल्या ऑक्टोबरात तिथे गेले ती एका नेलपॉलिशच्या बाटलीपायी! हसू नका, सांगते.

माझ्या नातीला नेलपॉलिशचं भारी वेड. तेही दुकानातलं नव्हे. घरच्या घरी रंग घोटून थोड्या थोड्या बाटल्या विकणाऱ्या अशा काही हौशी बायका इथे आहेत, त्यांच्यातल्या एकीकडून ती मागवते. एका रविवारी म्हणाली, "आजी, हात दे बघू." मी म्हटलं, "माझ्या हातांना आता कशाला गं?" हे गेल्याला अडीच वर्षं झाली. तेव्हापासून साड्या फिक्या झाल्या, बांगड्या डब्यात गेल्या. कुणी सांगितलं नव्हतं, पण कुणी विचारलंही नाही. नातीनं मात्र ऐकलं नाही. आधी एक बिनरंगी हात, मग रंगाचे दोन पातळ हात, वर पुन्हा चकाकीचा एक. घरात पाहिलं तर काळपट जांभळं. मनात आलं, चला, निदान भडक तरी नाही. आणि अंगणात गेले तर काय! तेच नख जांभळं, बोट जरा कललं की तांबूस, आणखी कललं की मोरपंखी हिरवं, आणि त्या सगळ्यावरून इंद्रधनुष्याची एक बारीक रेघ फिरतेय.

आपल्या पैठणीतला धूपछाँव रंग आठवा. तिथे उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, म्हणून पदर हलला की रंग पालटतो. इथली गंमत वेगळी आहे. इथे कणात रंग असा नसतोच! मी कोल्हापुरात नववी-दहावीला विज्ञान शिकवत असे, त्यामुळे हे शोधल्याशिवाय चैन पडेना. मधे ॲल्युमिनियमचा आरसा, त्याच्या दोन्ही बाजूंना मॅग्नेशियम फ्लोराइडचा पारदर्शक थर आणि सर्वांत बाहेर क्रोमियमचा इतका पातळ पापुद्रा, की त्यातून उजेड आरपार जावा. थोडा प्रकाश वरच्यावरच परततो, थोडा आत जाऊन आरशावरून परततो. दोघं भेटतात तेव्हा काही रंग एकमेकांना खोडतात, काही उठून दिसतात. आपण कोन बदलला की आतल्या प्रकाशाची वाट बदलते आणि रंगही बदलतो. साबणाच्या फुग्यावर आणि पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर दिसतो तोच हा खेळ. इंद्रधनुष्याची रेघ येते ती दुसऱ्या जातीच्या कणांमुळे. त्यांच्यावर सीडीसारख्या बारीक खाचा असतात. 'होलोग्राफिक' हे नाव तसं सैलच, पण आता रूढ झालंय.

या रंगबदलू कणांचं माहेर म्हणजे सांता रोझा. भिंगांवर आणि काचांवर अतिपातळ थर चढवणारी ऑप्टिकल कोटिंग लॅबोरेटरी ही कंपनी दुसऱ्या महायुद्धानंतर या गावात वाढली. ती 2000 साली जेडीएस युनिफेजमध्ये गेली आणि 2015 पासून त्या व्यवसायाचं नाव 'वियावी' झालं. तिच्याच घरातून हे कण बाहेर आले. 1996 साली फोर्डच्या 'मिस्टिक' रंगाच्या मस्टँग कोब्रावर ते चढले. त्याच वर्षीच्या नव्या शंभर डॉलरच्या नोटेवर कोपऱ्यातला आकडा हिरव्याचा काळा होऊ लागला, तोही असल्याच कणांच्या शाईनं. आपल्या पाचशेच्या नव्या नोटेतला धागा तिरका धरला की हिरव्याचा निळा होतो, तो पाहिलाच असेल. म्हणजे नोटेवरची खोटी-खरीची खूण नातीनं माझ्या नखावर उतरवली होती!

कारखाना आत जाऊन पाहता येत नाही, हे मुलीनं आधीच बजावलं होतं. बाहेरून दिसली ती साधी बैठी इमारत आणि पार्किंग लॉट. तिथून आम्ही रेलरोड स्क्वेअरला गेलो. 1906 च्या भूकंपात गावाचा मधला भाग जमीनदोस्त झाला, पण इथलं दगडी स्टेशन टिकलं. 2017 च्या ऑक्टोबरात वणव्यात हजारो घरं जळाली. त्यातल्या कॉफी पार्क वस्तीतून मुद्दाम गाडी नेली. घरं नवी, झाडं अजून लहान.

शेवटी ल्यूथर बरबँक यांची बाग. बटाट्यापासून शास्ता डेझीपर्यंत शेकडो नव्या जाती काढणारा हा माणूस 1926 पर्यंत इथे राहिला. परमहंस योगानंदांनी आपलं आत्मचरित्र त्यांना अर्पण केलंय. बागेत गुलाबांना पाणी घालणाऱ्या एका वयस्कर बाईंनी माझी नखं पाहिली आणि नळी खाली ठेवून म्हणाल्या, "पुन्हा हलवा बरं हात!" मी हलवला. अडीच वर्षांत माझ्या हातांकडे असं कौतुकानं कुणी पाहिलं नव्हतं.

परतताना मुलीला म्हटलं, "संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी येणार आहे." गेली दोन वर्षं मी घरीच बसले होते. मंडळात कुणी वाईट वागत नाही हो. पण कुंकवाची कोयरी माझ्यापाशी आली की देणारीचा हात क्षणभर अडखळतो, आणि मग आम्ही दोघीही हसून वेळ मारून नेतो. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं 4 मे 2022 ला विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या गावांनाही तोच कित्ता गिरवायला सांगितलं. एका खेड्याला जे जमलं ते कॅलिफोर्नियात आपल्याला जड का जावं?

तेव्हा कार्यकारिणीला माझी एवढीच विनंती आहे, की यंदाच्या निमंत्रणात 'सौभाग्यवतींसाठी'च्या जागी 'सर्व स्त्रियांसाठी' असं छापावं. दाराशी उभं राहून कुंकू लावायचं काम मी घेते. अडखळायचं असेल तर माझा हात अडखळू दे!

आणि हो, सांता रोझाला जाणार असाल तर स्वच्छ उन्हाचा दिवस निवडा. बरबँकच्या बागेला तिकीट नाही. नखं रंगवून जाल तर फारच छान, कारण हे रंग ढगाळ हवेत उमलत नाहीत.