मिठीकांठचें सभास्थान

मुंबईस गेलों असतां वांद्रे-कुर्ला संकुलांतील जिओ वर्ल्ड सभाकेंद्र पाहण्याचा योग आला. याच स्थानीं ऑक्टोबर २०२३ मध्यें आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचें १४१ वें अधिवेशन भरलें, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस येथील स्पर्धांत क्रिकेटचा समावेश करण्याचें ठरलें. १९८३ च्या दिल्लीच्या अधिवेशनानंतर चाळीस वर्षांनीं हा मान भारतास लाभला. कोणास अभिमान वाटणार नाहीं?

परंतु बाहेर पडल्यावर चित्त वेधलें तें मिठी नदीनें. विहार व पवई तलावांचें ओसंडलेलें पाणी घेऊन ती माहीमच्या खाडीस मिळते. हें संकुल तिच्याच कांठच्या दलदलींत भर घालून वसविलेलें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि संकोचलेल्या पात्रांतलें पाणी लोकांच्या घरांत शिरलें.

आमच्या अड्याळजवळ पवनीस वैनगंगेवर जुने घाट आहेत. पूर येतो तेव्हां पायऱ्या बुडतात, ओसरला कीं पुन्हां उघड्या होतात. नदीची जागा नदीसच ठेविलेली असते. सभास्थान भव्य असावें. पण ज्या नदीच्या कांठीं तें उभें राहिलें, तिला वाहावयास जागा नको काय? मुंबईस जाणाऱ्या वाचकांनीं सभागृह अवश्य पाहावें, आणि मिठीच्या पुलावरही क्षणभर थांबावें.