मेंढरांच्या वाटेने काश्मीरच्या तळ्यांकडे

तळे म्हटले की तुमच्या-आमच्या डोळ्यांपुढे गावाबाहेरचा पाझर तलाव येतो. पावसाळ्यात भरतो, चैत्रात तळ उघडा पडतो. पण मंडळी, हिमालयात अशीही तळी आहेत की ती आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंचीवर आहेत आणि ऐन उन्हाळ्यात, बर्फ वितळला की भरतात.

2023 च्या ऑगस्टात मी काश्मीरमधील ही तळी पायी पाहून आलो. सोनमर्गहून चढायचे आणि नारानागला उतरायचे. वाट सुमारे सत्तर किलोमीटरांची, आम्हांला सात दिवस लागले. मध्ये गाव नाही की दुकान नाही. तंबू आणि शिधा खेचरांवर, आपण पायी. वाटेतील लष्करी चौक्यांवर ओळखपत्र दाखवावे लागते.

निचनाईची खिंड ओलांडली की विशनसर दिसते. त्याच्या वरच्या अंगाला किशनसर. वरच्याचे पाणी खालच्यात येते आणि तिथून किशनगंगा नदी निघते. पुढे गंगाबल हे मोठे तळे, हरमुख पर्वताच्या पायथ्याशी. त्याचे पाणी शेजारच्या नंदकोल तळ्यातून खाली सिंध नाल्याला जाते (ही मोठी सिंधू नव्हे) आणि मग झेलमला मिळते. खोऱ्यातली भाताची खाचरे अशाच पाण्यावर पिकतात. फोटो काढणाऱ्यांना तळ्याचा रंग दिसतो. मला मात्र कोणाची पाळी कुठे येते तेच आधी दिसले. शेतकऱ्याची नजर, दुसरे काय!

सगळ्यात अवघड गडसरची खिंड, सुमारे 4,200 मीटर उंच. तिथे हवा एवढी विरळ की समुद्रकाठी एका श्वासात मिळतो त्याच्या जेमतेम तीन पंचमांश प्राणवायू मिळतो. चार पावले टाकावीत, थांबावे, पुन्हा चार टाकावीत. डोके फार दुखू लागले, उलट्या झाल्या तर वर जायचे नाही, खाली उतरायचे, हा तिथला नियम. तो मोडून धाडस दाखवण्यात काही अर्थ नाही.

त्याच चढावर मागून घंटा वाजल्या. वळून पाहिले तर शेळ्या-मेंढरांचा मोठा कळप! हे बकरवाल लोक. हिवाळ्यात जम्मूकडच्या सखल भागात राहतात, उन्हाळ्याच्या तोंडी बिऱ्हाड घोड्यांवर लादून या कुरणांवर येतात, थंडी पडू लागली की उतरतात. आम्ही वाट सोडून बाजूला उभे राहिलो. वाट त्यांचीच.

खिंडीपलीकडे त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने आम्हांला तंबूत बोलावले. मिठाचा चहा आणि मक्याची भाकरी पुढे ठेवली. मी मोडक्या हिंदीत सांगितले, की आमचेही घर मेंढपाळाचे. दिवाळीनंतर वडील फलटणकडून मेंढरे घेऊन घाट उतरून कोकणात जात. लोक आपल्या रानात मेंढरे बसवून घेत, खताच्या मोबदल्यात धान्य देत.

त्याला फार आनंद झाला. लगेच विचारले, "मग आता तुमची मेंढरे किती?"

"नाहीत. थोरल्या भावाने 2018 साली विकली."

"का?"

चरायला रान राहिले नाही, मुलांच्या शाळा होत्या, मागे फिरायला माणूस नव्हता. ही कारणे मी गावात कितीदा तरी सांगितली आहेत. तिथे ती मला सांगवेनात. म्हाताऱ्यानेही पुन्हा विचारले नाही. आपला धाकटा जम्मूला शिकतो, तो आता वर येत नाही, एवढे बोलून त्याने पेल्यात चहा ओतला.

घरी आल्यावर दादांना सारे फोटो दाखवले. त्यांनी तळी भराभर सरकवली आणि कळपाच्या फोटोवर बोट ठेवले.

"शेळ्या पुढं काढल्यात. कुत्री किती असतात रं?"

मी दिसली तेवढी सांगितली. अस्वलाचे भय असते, हेही सांगितले.

"आणि मीठ?"

"दगडांवर टाकतात. मेंढरं चाटतात."

दादा बराच वेळ तो फोटो पाहत बसले. मग वहिनींना हाक मारून म्हणाले, "अगं, चष्मा आण माझा."