तेवढेच पऱ्हे उपटा

बालाघाट,
रोवणीचे दिवस

चि. छोटूस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज फार उतरलेला होता. सलग तिसरा स्प्रिंट अर्धवट राहिला आणि वरचे म्हणतात टीम आळशी आहे. मला ते पटत नाही. तुम्ही दोन आठवडे मरमर काम करता, चूक होते ती पहिल्या सोमवारच्या बैठकीत. म्हणून हे सविस्तर लिहिते.

आधी दिवस मोज. सहा जण, कामाचे दहा दिवस, म्हणून तू साठ धरलेस. त्यातले पाच रजेचे गेले. एक जण पूर्ण वेळ प्रॉडक्शन सपोर्टवर, त्याचे दहा गेले. उरलेल्या पाचांचा एकेक दिवस बैठकांत जातोच. राहिले चाळीस. साठांचं काम चाळिसांत कोंबल्यावर दोष टीमला कसा लावायचा? गेल्या तीन स्प्रिंटमध्ये दर वेळी खरोखर पूर्ण झालेले पॉइंट काढ आणि त्यांच्या आसपासच थांब. अर्धवट कामाचे पॉइंट त्यात धरू नकोस. आणि ज्या कामाला बाहेरच्या कुणाची चावी किंवा परवानगी लागते, ती हातात आल्याशिवाय ते काम घेऊच नकोस. आमची अशी एक चावी आठव्या दिवशी आली होती.

अंदाज मात्र काम करणाऱ्यांनीच द्यायचा. २००२ साली जेम्स ग्रेनिंग यांनी प्लॅनिंग पोकर सुचवला. त्यात सगळे पत्ते एकदम उघडतात, त्यामुळे वरिष्ठाचा आकडा ऐकून कुणी आपला बदलत नाही. मागच्या वर्षी आमच्याकडे ‘ग्राहकाला मराठीत पावती’ असं काम होतं. पाच जणांनी ३ दाखवला, टेस्टर मुलीनं १३. का विचारल्यावर तिनं एक पीडीएफ उघडली. ‘रक्कम’मधलं जोडाक्षर फुटून दोन क वेगवेगळे छापले होते, ‘शिल्लक’ची वेलांटी श ओलांडून पुढे गेली होती. आमच्यापैकी कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. तिला गप्प बसवलं असतं, तर हेच शेवटच्या दिवशी कळलं असतं. आकडे वेगळे पडले की सरासरी काढू नकोस, सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा देणाऱ्याला बोलतं कर.

तू कामांची यादी आधी करतोस आणि ध्येय नंतर त्यावर चिकटवतोस. २०२० च्या स्क्रम गाइडमध्ये ‘हा स्प्रिंट का?’ हा प्रश्न पहिला आहे, काय आणि कसं त्यानंतर. ‘पैसे भरल्यावर ग्राहकाला बरोबर पावती मिळावी’ इतकं साधं वाक्य पुरतं. मधे काही सोडायची वेळ आली की त्या वाक्याकडे बघून ठरवता येतं. आणि वरच्यांना हेही सांग की निवडलेल्या कामांना त्याच गाइडनं २०११ च्या आवृत्तीपासून वचन म्हणणं सोडलं, त्यांना अंदाज म्हटलं. टीमनं बांधून घ्यायचं ते ध्येयाला.

आज सकाळी बांधावर गेले होते. रोवणीच्या टोळीतल्या मोठ्या बाईंनी आलेल्या बाया मोजल्या, बांधीतलं पाणी पाहिलं आणि म्हणाल्या, आज दोनच बांध्या, तेवढेच पऱ्हे उपटा. बाबा तिसरीचेही उपटायला सांगत होते. आमच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये जीआय मानांकन मिळाल्यापासून त्यांना त्याचं फार कौतुक, त्यामुळे घाईही फार. बाई ऐकेनात. उपटून ठेवलेले पऱ्हे बांधावर पडून राहिले की ऊन लागून माना टाकतात. मला तुझा बोर्ड आठवला, त्यावर नऊ कामं सुरू आहेत आणि पूर्ण एकही नाही.

संध्याकाळी दोन्ही बांध्या लावून झाल्या. तिसरी उद्या.

सोमवारी ध्येयाचं वाक्य ठरलं की कामांच्या यादीआधी ते मला पाठव.

तुझी
ताई