घरचे नेटवर्क, घरचे व्हिडिओ

फुफूच्या लग्नाच्या कॅसेटवरून संगणकावर उतरवून घेतलेला व्हिडिओ आमच्या पनवेलच्या घरी आहे. मेंदीच्या रात्री ढोलकीवर गाणारी दादी त्यात आहे. ती आता हयात नाही. तो यूट्यूबवर टाकायला अम्मीचा नकार आहे. "घरातल्या बायका आहेत त्यात," ती म्हणते. मला ते पटते.

म्हणून जेलीफिन घेतले. २०१८ च्या डिसेंबरात एम्बीच्या कोडमधून निघालेले हे मोफत सॉफ्टवेअर. व्हिडिओ आपल्याच संगणकावर राहतो आणि घरातल्या टीव्हीवर दिसतो. आमच्या टीव्हीवर मात्र दिसेना.

अशा वेळी पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी अडले कुठे ते पाहावे. त्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट:८०९६' उघडले, पान आले. म्हणजे सॉफ्टवेअर चालू होते. मोबाइलवरून संगणकाचा आयपी पत्ता आणि तोच क्रमांक टाकला, तर काही नाही. म्हणजे वाट फायरवॉलने अडवली होती. विंडोजमध्ये आमचे वायफाय 'पब्लिक' म्हणून नोंदले होते. हॉटेलात, स्टेशनवर ते योग्यच. तिथे संगणक अनोळखी लोकांपासून लपलेलाच बरा. घरच्यापुरते 'प्रायव्हेट' केले, फायरवॉलमध्ये जेलीफिनला तेवढीच परवानगी दिली आणि दादी टीव्हीवर गाऊ लागली.

घरात पाहण्यासाठी राउटरवर बाहेरचे पोर्ट उघडावे लागत नाही, उघडूही नये. आपल्या माणसांना कुणी पाहावे हे घराने ठरवावे. त्यासाठी एवढे तंत्र शिकण्यासारखे आहे.